अकरा हजार आठशे नव्वद किलोमीटर, तीनदा

पळसाची पानं तीनशे साठ. मोजून घ्यायची. कमी पडली तर माणूस अपुरा राहतो.

*

शाळेतल्या पृथ्वीगोलावर लोकरीचा दोरा ताणून धरला, की तो भिंतीवरच्या नकाशातल्यासारखा आडवा जात नाही. नागपूरहून निघतो, वर चढतो, सगळा सायबेरिया ओलांडतो, उत्तर ध्रुवाच्या अंगाने वळतो आणि पलीकडून घसरत व्हँकुव्हरला उतरतो.

*

लांजेवारने आपली नुकतीच काढलेली अक्कलदाढ कापसात गुंडाळली, खिशात घातली आणि दाताच्या दवाखान्यातून तोंड दाबून पळ काढला.

*

"कितवीत आहेस गं, बाळ?" एका अनोळखी माणसाने बावीस वर्षांच्या मुलीला विचारलं.

*

तीन आठवडे फाटकाला कडी नव्हती.

*

राखेला कुठलाही प्रवास आठवत नाही.

अकरा हजार आठशे नव्वद किलोमीटर

विशाखा देवतळे नऊ वर्षांची असताना तिचे वडील भालचंद्र व्हँकुव्हरला गेले. २०२१ चा फेब्रुवारी होता. तिथल्या एका गोदामात थंडी राखणाऱ्या यंत्रांची देखभाल करायची नोकरी होती. दोन वर्षांसाठी म्हणून गेले. वर्षभर फोन येत राहिले, मग आठवड्याचे पंधरवड्यावर गेले, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये एका रविवारी ते म्हणाले, "नेटवर्क बरोबर नाही इथं, नंतर करतो." तो 'नंतर' आला नाही. कंपनीने कळवलं की ते नोकरी सोडून गेले. पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

शाळा सुटली की पोर त्या गोलावर दोरा ताणत बसायची. बाबा किती लांब आहेत ते तिला पाठ झालं होतं. बाकीच्यांना पाढे पाठ होते.

बारा वर्षं झाली. बारा वर्षं ज्याची काहीच खबर नाही त्याचा पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा माणूस रचायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला अग्नी द्यायचा. आईने, प्रमिलाबाईंनी, तो करायचा ठरवला. ७ मे २०३४ रोजी चुलतकाका दिगंबर यांनी अग्नी दिला. पानं ओली होती, धूर फार झाला. गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, आता एक ध्यानात ठेवा. शास्त्राप्रमाणे भालचंद्रराव गेले. उद्या ते दारात येऊन उभे राहिले, तरी त्यांना नव्याने जन्म घ्यावा लागेल. तुपाने न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, आणि तुमच्याशी पुन्हा लग्न लावायचं."

"बारसं?" दिगंबरकाका म्हणाले. "पाळणा केवढा लागंल बाप्पा!"

सगळे हसले. प्रमिलाबाईही हसल्या, आणि मग पहिल्यांदा रडल्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटोसह श्रद्धांजली छापून आली. खाली पत्ता होता, मनीषनगर, आणि तेरवीची तारीख, १९ मे.

तीन मिलिमीटर

२०४७ च्या डिसेंबरात विशाखा पस्तीस वर्षांची होती आणि वर्धा रोडवरच्या एका प्रयोगशाळेत दात वाचत होती.

दात वाचणं हा धंदा तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. दाताच्या मुळावर दर वर्षी एक पातळ थर चढतो, झाडाच्या खोडात वलय चढतं तसा. उन्हाळ्याचा पट्टा फिका, हिवाळ्याचा गडद. हे जुन्या डॉक्टरांनाही माहीत होतं. नवीन होतं ते एवढंच, की या थरांमध्ये आकाशाची नोंद असते हे कळलं. जमिनीवर आपण हवेच्या जाड गोधडीखाली राहतो. विमान अकरा किलोमीटर उंच गेलं की ती गोधडी फाटते आणि अंतराळातून येणारे कण अंगातून आरपार जातात. पृथ्वीचं चुंबकत्व विषुववृत्तापाशी त्यांना बरंच अडवतं, ध्रुवापाशी फारसं अडवत नाही. म्हणून दुबईला जाऊन आलेल्याच्या दातात जेमतेम ओरखडा उठतो, आणि ध्रुवावरून गेलेल्याच्या दातात दाट रेघ उमटते. माती-खडकांतून येणारा किरणोत्सर्ग तशी रेघ काढूच शकत नाही. मुळाचा तीन मिलिमीटरचा काप घ्यायचा, यंत्राखाली सरकवायचा, खुणा मोजायच्या. यंत्र वर्ष सांगतं, पट्टा सांगतं, आणि त्या पट्ट्यात माणूस आकाशातून किती किलोमीटर गेला ते सांगतं.

शोध लागला तो विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या तब्येतीसाठी. पण दात एकदा बोलायला लागला की तो ज्याचं त्याचं बोलतो. कोण कामासाठी बंगळुरूला गेलो म्हणून सांगून कुठे गेला होता, कोणाचं लंडनचं शिक्षण खरं, कोणाचं नुसतंच सांगण्यापुरतं. घटस्फोटाच्या कोर्टात अक्कलदाढा दाखल होऊ लागल्या. दवाखान्यांतून काढलेले दात लोक घरी न्यायला लागले, काहीजण तिथेच बुटाखाली चिरडायला लागले.

"मी काही लपवून नाही राहिलो," आपली दाढ पळवून आणलेला सहकारी लांजेवार म्हणायचा. "पण आपलं आपल्यापाशी असलेलं बरं, विशाखाताई."

"तुम्ही कधी विमानात बसलात, लांजेवार?"

"एकदाही नाही. तेच तर कोणाला कळू द्यायचं नाही!"

त्या आठवड्यात व्हँकुव्हरहून दोन गोष्टी आल्या. प्रयोगशाळेत एक दात आला. मनीषनगरच्या घरी एक पत्र आलं.

एक पान कागद

पत्र बेवारस मृतांचा बंदोबस्त करणाऱ्या कार्यालयाचं होतं. ऑक्टोबरात एका भाड्याच्या खोलीत एक वृद्ध माणूस हृदय बंद पडून गेला. शेजाऱ्यांना तो 'मिस्टर बी' म्हणून ठाऊक होता. उशीखाली एक घडी केलेला कागद मिळाला. एका मराठी वर्तमानपत्राच्या इंटरनेट आवृत्तीवरून छापून घेतलेली श्रद्धांजली. कडेला छापल्याची तारीख होती, ९ मे २०३४.

'या कागदानुसार,' कार्यालयाने सभ्यपणे लिहिलं होतं, 'फोटोतील श्री. भालचंद्र देवतळे तेरा वर्षांपूर्वीच मरण पावले आहेत. मग आमच्याकडे आहेत ते कोण, हे ठरवण्यासाठी आपल्या शहरातील प्रयोगशाळेकडे दात पाठवत आहोत. ते आपले नातेवाईक ठरल्यास आणि पत्नीने लेखी मागणी केल्यास दहनानंतर अस्थी पाठवता येतील. शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास त्यांना क्रमांकाच्या जागेत पुरण्यात येईल.'

नात्यातल्या माणसाचा दात वाचायचा नाही असा प्रयोगशाळेचा नियम होता. विशाखाने पत्राची प्रत लांजेवारसमोर ठेवली.

लांजेवारने ती दोनदा वाचली. मग चष्मा काढला. "मी चहा प्यायला जातो," तो म्हणाला. "चांगला अर्धा तास लागंल. टपरीवर गर्दी असते."

दाताच्या गाभ्यातून काढलेला डीएनए सकाळीच तिच्याशी जुळला होता. बापच होता. तेवढं कार्यालयाला पुरे होतं. विशाखाला पुरे नव्हतं.

हिशेब साधा होता. जो माणूस नागपूरहून गेला आणि तिथेच मेला, त्याच्या दातात एकच दाट रेघ हवी. २०२१ ची, गडद पट्ट्यातली. ती सापडली. अकरा हजार आठशे नव्वद, चारशे इकडेतिकडे. दिल्लीपर्यंतचा छोटा टप्पा दाताला वेगळा कळत नाही, तो याच रेघेत मिसळतो. शिवाय सगळ्याच थरांवर सारख्या सांडलेल्या विरळ खुणा होत्या. तो दाताचा स्वतःचा प्रवास, मेल्यानंतर डबीतून केलेला. यंत्र तो आपोआप वजा करतं.

मग तिने पुढचे पट्टे सरकवले. बावीस, तेवीस, चोवीस. कोरे. वर्षामागून वर्ष, माणूस जमिनीवर. तिला तो जमिनीवर बसलेला दिसत होता, कुठल्याशा खोलीत, खिडकीशी. तीस कोरं. तेहेतीस कोरं.

चौतीसच्या फिक्या पट्ट्यात दोन रेघा होत्या.

इतक्या जवळजवळ, की यंत्राने आधी त्यांना एकच धरलं. तिने काप फिरवला, दुसऱ्या कोनातून मोजलं, तिसऱ्या कोनातून मोजलं. दोनच. एक येण्याची, एक जाण्याची. २०३४ चा उन्हाळा.

लांजेवार परत आला तेव्हा तिच्या हातात पेन्सिल होती आणि वहीवर तिने काहीच लिहिलेलं नव्हतं.

"किती निघाल्या?" त्याने विचारलं.

"तीन."

लांजेवारला गणित लगेच कळलं. तो खुर्ची ओढून बसला. "म्हणजे आले होते?"

"मी त्यांना मीठ वाढलं," विशाखा म्हणाली.

एक पत्रावळ

गल्लीत मांडव होता. तेरवीला पन्नासेक माणसं होती. वडा-पुरी, कढी, बुंदी. विशाखा मिठाचं भांडं घेऊन पंगतीतून वाकत चालली होती. ओळीच्या टोकाला, मांडवाच्या खांबाला टेकून एक माणूस बसला होता. दाढी पांढरी, डोक्यावर लोकरीची टोपी. मे महिन्यात, नागपुरात, लोकरीची टोपी. तिला वाटलं आजारी असेल.

"मीठ राहिलं," तो म्हणाला.

तिने डाव्या कोपऱ्यात चिमूटभर वाढलं. तो तिच्या हाताकडे बघत होता.

"कितवीत आहेस गं, बाळ?"

ती हसली होती. तेरवी बापाची, आणि ती हसली होती. "कॉलेज झालं काका. नोकरी शोधून राहिली मी."

"हो का," तो म्हणाला. "हो का. बरोबर आहे." आणि पुरीचा तुकडा मोडून बराच वेळ हातात धरून बसला.

तेरा वर्षांत ही गोष्ट तिने दोन-तीनदा गंमत म्हणून सांगितली होती. कुठूनसा आलेला वेडा म्हातारा, बावीस वर्षांच्या मुलीला इयत्ता विचारणारा. त्याच्या डोक्यात ती मुलगी नऊ वर्षांवरच थांबली होती, हे आता यंत्राखाली दिसत होतं. पट्टे मधले सगळे कोरे होते.

साडेचार किलोमीटर

विमानतळापासून मनीषनगरचं घर एवढंच लांब. उतरणारी विमानं गच्चीवरून जातात, तेव्हा बोलणं थांबवावं लागतं. देवतळ्यांच्या घरात त्याची सवय होती. सगळेच वाक्याच्या मध्ये थांबत आणि मग तिथूनच पुढे सुरू करत.

प्रमिलाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. भिंतीवर भालचंद्ररावांचा फोटो, चंदनाचा हार.

"मी सही करणार नाही, सांगितलं न," विशाखाने चपला काढायच्या आतच त्या म्हणाल्या. "एका माणसाला दोनदा अग्नी देत नाहीत. आणि त्या फॉर्मवर काय लिहू? नातं काय? हा मेला ऑक्टोबरात. मी विधवा आहे तेरा वर्षांपासून. आधी विधवा आणि मग नवरा मेला, असं लिहू?"

"आई, ते इथे आले होते."

शेंग फुटली. दाणे परातीत पडले.

"चौतीस साली, उन्हाळ्यात. आले आणि परत गेले. दातात आहे." विशाखा समोर पाटावर बसली. "तेरवीला आपल्या पंगतीत बसले होते. टोपीवाला माणूस. मी तुला तेव्हा सांगितलं होतं बघ, कितवीत म्हणून विचारलं—"

विमान आलं. भांडी हलकीशी वाजली. दोघी एकमेकींकडे बघत थांबल्या. आवाज जाईपर्यंत आईच्या चेहऱ्यावर नवल उमटायला हवं होतं. ते उमटलं नाही.

"तुला माहीत होतं," विशाखा म्हणाली.

"तू मीठ वाढत होती तेव्हाच ओळखलं मी. पुरीचा तुकडा असा आधी दुमडून मग मोडायचा तो. दुसरं कोणी तसं करत नाही."

"आणि तू मला काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? उठ, तुझा बाप आहे, नमस्कार कर? बाजूला त्याचा हार घातलेला फोटो, समोर त्याच्या नावाने वाढलेली पानं. गुरुजी अजून बसलेले." त्या शेंगा सोलतच होत्या, पण आता साल परातीत आणि दाणे टोपलीत जात होते. "नळाला पाणी नव्हतं त्या दिवशी. आठवतं? ड्रम भरून ठेवला होता. माणसं हात धुवायला येत होती आणि मी तांब्याने पाणी घालत होती. तोही आला. ओळीत उभा राहिला. हात पुढे केले."

"मग?"

"मग काय. घातलं पाणी."

"आई!"

"एवढ्या अंतरावर होता." प्रमिलाबाईंनी हात लांब केला, कोपरापासून बोटांपर्यंत, आणि थोडा आणखी. "मी म्हटलं, हा बोलेल. एक शब्द बोलला तरी मी तांब्या फेकून देते आणि काय व्हायचं ते होऊ दे. आणि तो, मला वाटतं, माझी वाट पाहून राहिला होता. पाणी संपलं. मी पुन्हा भरून घातलं. हात कधीचे धुऊन झाले होते त्याचे. मागचे लोक ओरडले, 'ओ काका, आंघोळ करता का?' तेव्हा तो बाजूला झाला."

विशाखाने टोपलीत गेलेले दाणे वेचून परातीत टाकले. 

"तेरवीचा दिवस पेपरात वाचून आला," आई म्हणाली. "स्वतःचा तमाशा पाहायला. बारा वर्षं एक फोन नाही. नोकरी गेली असेल, लाज वाटली असेल, मग लाज वाटली याची लाज वाटली असेल. ते सगळं समजतं मला. पण तो राहायला नव्हता आला. परतीचं तिकीट खिशात घेऊनच आला असणार. अशी माणसं तशीच येतात. जाणाऱ्याला कशाला थांबवायचं? म्हणून मी नाही थांबवलं."

"किती दिवस होते ते इथे?"

"मला काय विचारतेस? दाताला विचार."

"दाताला तेवढं बारीक कळत नाही. पट्टा सहा महिन्यांचा असतो. एक दिवस राहिले असतील, नाहीतर तीन महिने."

प्रमिलाबाईंचे हात थांबले. हे त्यांना नवीन होतं. तेरा वर्षं त्या एकच दिवस धरून चालल्या होत्या. आता त्या एका दिवसामागे आणखी दिवस उभे राहिले. बाजारातले, बसस्टॉपवरचे, गल्लीच्या टोकाचे. त्या सगळ्यांत तो कुठेतरी असू शकत होता.

"तीन आठवडे," त्या हळूच म्हणाल्या, "मी फाटकाला कडी लावली नाही. तू ओरडायचीस, कुत्री आत येतात म्हणून. चौथ्या आठवड्यात ती लागलेली दिसली."

विशाखाला ती कुत्री आठवली. कडी लावायचा आग्रह तिचाच होता, तेही आठवलं. चौथ्या आठवड्यात ती कोणी लावली होती, ते तिने आईला सांगितलं नाही.

फॉर्म टेबलावर होता. शुक्रवारला दोन दिवस होते.

"त्यांना पुरतील, आई. नंबर देऊन. नावसुद्धा नाही."

"कोणत्या वाटेने येतात तिकडून?"

"वरून. ध्रुवाजवळून."

"बापरे. थंडी असेल." त्यांनी पदराला हात पुसले. "दे इकडे. नात्याच्या जागी काय लिहायचं ते तू लिही. मी फक्त सही करते."

विशाखाने पेन घेतलं. त्या रकान्यात तिने 'पत्नी' लिहिलं, आणि विधवा कधी झाल्या ते वर्ष विचारलं होतं तिथे काहीच लिहिलं नाही.

एक हात

जानेवारीत डबा आला. तिकडे हाडं दळून बारीक करतात, त्यामुळे अस्थी म्हणून आलं ते करड्या पिठासारखं होतं. लांजेवार विमानतळावर सोबत आला होता. त्याने डबा हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि मग ओशाळून परत दिला.

"हे वाचता येईल?" त्याने विचारलं.

"नाही. एवढ्या उष्णतेत खुणा पुसल्या जातात. सगळ्या."

"मग बरंच झालं म्हणायचं," लांजेवार म्हणाला. "मोकळे झाले."

घरी फाटक उघडंच होतं. प्रमिलाबाई अंगणात तांब्या घेऊन उभ्या होत्या. डबा आत न्यायच्या आधी त्यांनी तो पायरीवर ठेवायला लावला, आणि एक हात अंतरावर उभं राहून त्याच्याभोवती पाणी घातलं. तांब्या रिकामा झाला. त्यांनी तो पुन्हा भरून आणला. या वेळी मागे ओरडणारं कोणी नव्हतं. तिसऱ्यांदा भरून आणला तेव्हा विशाखाने त्यांचा दंड धरला.

"आई, पुरे."

"थांब गं," प्रमिलाबाई म्हणाल्या. "बोलेल."

वरून विमान गेलं. दोघी थांबल्या. लांजेवारही थांबला, त्याला सवय नव्हती तरी.

आवाज विरल्यावर प्रमिलाबाईंनी तांब्या पालथा घातला आणि स्वतःशीच मान हलवली. "परतीचं तिकीट होतं त्याच्यापाशी," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी जाऊ दिलं असतं का?"

"नाही, आई," विशाखा म्हणाली.

भालचंद्र देवतळे यांनी १४ मे २०३४ रोजी व्हँकुव्हरमध्ये काढलेलं नागपूरचं तिकीट एकेरी होतं.